मोठ्या पापाचा मान

नाशिरच्या पोटात दुखायला लागलं ते अकलान सगळ्यांसमोर रडला त्या गुरुवारपासून.

आमच्या एडनमध्ये त्या काळी मंत्रिमंडळाच्या बैठका दोन व्हायच्या. सकाळची कचेरीत, लांब टेबलाभोवती. ती नुसती दाखवायची. खरा कारभार चालायचा तो गुरुवारी दुपारी, म्हाताऱ्या मुथन्नाच्या माडीवर. भिंतीलगत गाद्या, कोपराखाली लोड आणि गालात काताची पालवी. आमचा कात पानाला लावायचा नव्हे. कोवळी पानं खुडायची, गालात गोळा धरायचा आणि संध्याकाळपर्यंत जगाचा निकाल लावायचा. दाराशी चपलांचा ढीग असायचा आणि त्या चपलांपासून जो जितका लांब बसेल तो तितका मोठा. सुलतान पळाले, इंग्रज गेले, राज्य कामकऱ्यांचं झालं, भिंतीभिंतीवर लाल अक्षरांत समता लिहून झाली, पण चपलांपासूनचं अंतर बघायची आमची खोड काही गेली नाही.

मुथन्ना सगळ्यात आत, खिडकीच्या कोपऱ्यात बसायचा. त्याच्याकडे खातं म्हणून कुठलंच नव्हतं. मात्र कुणाला कुठलं खातं द्यायचं ते त्याच्या शब्दावर ठरायचं आणि त्या दिवसांत मंत्रिमंडळ पुन्हा बदलणार असं सगळ्या गावाला ठाऊक झालं होतं. नाशिर बांधकामाचा मंत्री होता. त्याला हवं होतं गृहखातं. मनातल्या मनात तो त्या खुर्चीवर कधीचा बसलाही होता.

अकलान मासेमारीचा मंत्री. माणूस मऊ, बोलायला बुजरा, बसायचा नाशिरच्या खाली, चपलांच्या अंगाला. दोघं एकेकाळी डोंगरात एका गुहेत राहून इंग्रजांशी लढले होते, एका ताटात जेवले होते. तोपर्यंत नाशिरचा त्याच्यावर जीव होता. माणूस आपल्या खाली बसतोय तोवर त्याच्यावर जीव ठेवायला काय जातं म्हणा!

तर त्या गुरुवारी आत्मटीकेची वेळ झाली. म्हणजे एकेकानं उठून आपलं काय चुकलं ते सांगायचं, रीतच होती तशी. कुणी म्हणायचं मी बैठकीला उशिरा आलो, कुणी म्हणायचं मी पुस्तकं कमी वाचली. बाकीचे हूं हूं म्हणून पानं खुडत राहायचे. अकलान उभा राहिला आणि म्हणाला, "कॉम्रेड्स, माझा आजा सुलतानाचा वसुलीदार होता. लोकांच्या घरातल्या शेळ्या ओढून आणायचा. मी लहानपणी त्या शेळ्यांचं दूध प्यालोय. हे मी तुमच्यापासून लपवलं." आणि ढसाढसा रडायला लागला.

माडीवर सगळ्यांचे हात थांबले. मुथन्नानं डोळे पुसले. मग त्यानं आपल्या जुडीतली सगळ्यात कोवळी, लालसर डहाळी तोडली, अकलानला हाक मारली आणि म्हणाला, "ये पोरा, इथं ये. माझ्याजवळ बस." टाळ्या पडल्या. अकलानला वर जागा करून द्यायची म्हणून सगळे एकेक लोड खाली सरकले. नाशिरही सरकला. एक लोड चपलांकडे.

घरी आला तो तणतणतच.

"शेळ्यांचं दूध म्हणे! अगं, माझा बाप बंदरावर कोळशाच्या पाट्या वाहून मेला. खोकताना काळं पडायचं. मी अस्सल कामकऱ्याचा पोर. मला कुणी विचारतं का? आणि हा वसुलीदाराचा नातू, हा जाऊन बसला मुथन्नाच्या मांडीवर!"

शफीका त्याची बायको. इस्पितळात परिचारिका होती, तोंडानं फटकळ. तिचा भाऊ हैदरा त्याच गुहेत नाशिर-अकलानबरोबर होता आणि तिथंच इंग्रजांच्या गोळीनं गेला. हुतात्मा हैदराच्या नावाची शाळा होती गावात. भावाचा दोस्त म्हणून ती नाशिरला पोरवयापासून ओळखायची आणि नावानंच हाक मारायची.

"मग काय झालं?" ती चहा गाळत म्हणाली. "रडला बिचारा, हलका झाला. तुझ्या बापाचं काय गेलं?"

"गृहखातं गेलं!"

"गेलं तर गेलं. रस्ते बांध की. या गल्लीतलं गटार तेवढं झाकून दे आधी, लोक तुला दुवा देतील."

"तुला नाही कळायचं ते."

"मला सगळं कळतं," शफीका म्हणाली. "तू जळतोयस. दुसऱ्याच्या रडण्यावर जळणारा माणूस मी आज पहिल्यांदा बघितला बाई!" आणि हसत हसत तिनं चहाचा पेला त्याच्यापुढं ठेवला.

नाशिरला हसू आलं नाही. तो पापं शोधायला लागला. आता हा माणूस म्हणजे सरळ रेघ. लाच नाही, बाई नाही, बाटली नाही. आयुष्यात कधी नमाज चुकवली असेल तर ते पाप त्या दिवसांत उलट पुण्यात जमा व्हायचं. बरं, खानदानात शोधावं तर सात पिढ्या हमाल. एक मामा सुलतानाच्या तबेल्यात होता असं त्याला आठवलं, तेव्हा केवढा आनंद झाला त्याला! आईला विचारायला गेला तर म्हातारी म्हणाली, "तबेल्यात होता, पण घोड्यानं लाथ मारली म्हणून दुसऱ्याच दिवशी सोडून आला." झालं. तेही हातचं गेलं.

तरी पुढच्या गुरुवारी तो उभा राहिलाच. म्हणाला, "कॉम्रेड्स, मी माझ्या ड्रायव्हरवर ओरडलो. मालकासारखा ओरडलो." आवाजही त्यानं जरा कापरा केला होता. मुथन्नानं जांभई दिली. "पुढच्या वेळी ओरडू नकोस," म्हणाला. कुणीतरी फिस्सकन हसलं. आणि अकलान, मुथन्नाच्या शेजारच्या गादीवरून, मान हलवून इतक्या मायेनं त्याच्याकडे बघत होता की नाशिरच्या अंगाचा तिळपापड झाला. मारलं असतं तर परवडलं असतं. वर बसून माया करतो म्हणजे काय!

त्या हसण्यानंच घात केला. लहान पापाला या माडीवर किंमत नाही, हे नाशिरच्या डोक्यात पक्कं बसलं. पाप हवं तर मोठं हवं. आठवडाभर डोकं पिंजल्यावर त्याला ते सापडलं. हैदराचं मरण.

घडलं होतं ते असं. गुहेत ते चौघं: हैदरा, नाशिर, अकलान आणि एक म्हातारा वाटाड्या. एके पहाटे इंग्रजांची तुकडी वर चढून आली. पहारेकऱ्यानं इशाऱ्याची गोळी झाडायची, ती झाडली गेलीच नाही. हैदरा आणि वाटाड्या जागच्या जागी गेले. नाशिर आणि अकलान मागच्या घळीतून निसटले. पहाऱ्यावर कोण होतं? नाशिर तर तापानं फणफणत घोंगडीखाली पडला होता. गोळ्यांच्या आवाजानंच जागा झाला. त्याची समजूत अशी की हैदराच पहाऱ्यावर असणार आणि त्याचाच डोळा लागला असणार. हुतात्म्याबद्दल असं कोण बोलतो? त्यामुळे हा विषय त्यानं आणि अकलाननं कधी काढलाच नव्हता.

मग ते पाप आपण घेतलं तर? त्यात कुणाचं नुकसान? हैदराचं नाव उलट उजळेल. मेलेला माणूस काही उठून नाही म्हणायला यायचा नाही. आणि शफीकाला घरी आल्यावर हळूच सांगून टाकू, अगं, ते तसं म्हणावं लागतं, राजकारण आहे. हसेल ती. उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय! पण हव्यास शिरला की माणसाला आपलीच अक्कल मोठी वाटते.

गुरुवार आला. नाशिर उठला.

"कॉम्रेड्स, आपण ज्याच्या नावाची शाळा काढली तो हैदरा माझ्यामुळे मेला. त्या पहाटे पहाऱ्यावर मी होतो. मी झोपलो."

रडायचं ठरवून गेला होता, पण वेगळं रडावं लागलंच नाही. हैदराचं नाव घेताच खरोखरच रडू फुटलं. बोलून झाल्यावर तो टाळ्यांची वाट बघत उभा राहिला. टाळी पडली नाही. कुणी पान खुडेना, कुणी पाण्याचा पेला उचलेना. मुथन्नानं गालातला गोळा काढून थुंकदाणीत टाकला. दुपार अर्धीही झाली नव्हती. "खाली बस," एवढंच म्हणाला.

नाशिरला ती शांतता म्हणजे दरारा वाटला. एवढं मोठं सत्य पचवायला वेळ लागणारच! त्यानं सावकाश अकलानकडे बघितलं. अकलानचा चेहरा पांढराफटक पडला होता. वा! नाशिरच्या काळजात थंड वारं सुटलं. आता तू जळ, असं त्याला मोठ्यानं म्हणावंसं वाटलं. शेळ्यांचं दूध घेऊन बस आता!

घरी जाताना तो चक्क शीळ घालत होता. सुएझचा कालवा बंद पडल्यापासून बंदर रिकामं होतं, पण त्या दिवशी त्याला तेही बरं दिसलं.

शफीका त्याच्या आधी घरी पोचली होती. तिनं परिचारिकेचा पांढरा झगाही काढला नव्हता. मुथन्नाच्या सुनेनं इस्पितळात फोन केला होता.

"तू झोपला होतास?" तिनं विचारलं.

"अगं, बस तर खरी. सांगतो. तसं काही नाहीय."

"तू झोपला होतास का, नाशिर?"

"नाही! मी तापात होतो. मी पहाऱ्यावर नव्हतोच. ते मी नुसतं म्हटलं."

"नुसतं म्हटलं?"

"अकलाननं ते शेळ्यांचं प्रकरण काढलं ना, त्याच्यावर काहीतरी मोठं काढायला हवं होतं. म्हणून..." बोलता बोलता त्याच्या लक्षात आलं की हे माडीवर जितकं शहाणपणाचं वाटत होतं तितकं स्वयंपाकघरात वाटत नाही. तरी तो रेटत राहिला. "हैदराला त्यात कमीपणा नाही. उलट त्याचा मान वाढला. मी स्वतःवर घेतलं सगळं. तू समजून घे."

शफीकानं जवळची खुर्ची ओढली, पण बसली नाही. "आजोबाचं पाप सांगणं सोपं असतं रे," ती म्हणाली. "त्याचं रक्त सुकलेलं असतं. माझी आई अजून दर शुक्रवारी हैदराचं ताट वाढते. आता तिला काय सांगू? जावयानं मारला म्हणून सांगू, की जावयानं खुर्चीसाठी वापरला म्हणून सांगू? तूच निवड."

ती आईकडे निघून गेली.

दुसऱ्या दिवशी रेडिओवर नवं मंत्रिमंडळ जाहीर झालं. नाशिर कान लावून बसला होता. गृहखातं: कॉम्रेड अकलान. बांधकाम: भलतंच कुणाचं तरी नाव. निवेदक शेवटपर्यंत वाचत गेला आणि मग गाणं लागलं. नाशिरचं नाव कुठंच नव्हतं. थोड्या वेळानं खाली जीप थांबली, दाराशी बंदूकवाला शिपाई उभा राहिला. "चौकशी होईपर्यंत घराबाहेर पडू नका, साहेब," तो ओशाळून म्हणाला. "हुतात्म्याची बाब आहे. वरून हुकूम आहे."

"वरून म्हणजे कुणाकडून?"

"गृहमंत्र्यांच्या कचेरीतून."

आता माणसानं स्वतःच्या कपाळावर हात मारून घ्यावा की नाही? नाशिरनं नाही घेतला. तो दिवसभर येरझारा घालत राहिला आणि त्याच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत राहिली: अकलान मोटारीतून गृहखात्याच्या कचेरीत जात असेल, सलाम झडत असतील. मिठागरावर सक्तमजुरीला रवानगी होईल, तुरुंग होईल, याची भीती होती, नाही असं नाही. पण ती भीती मागच्या बाकावर बसली होती.

एके दुपारी शफीका आपले कपडे न्यायला आली. त्याच्याशी एक शब्द न बोलता आतल्या खोलीत गेली. तिच्या मागोमाग, ऊन रणरणत असताना, नवा गृहमंत्री जिना चढून आला. एकटा. दाराबाहेर चपला काढल्या, शिपायाला खाली पाठवलं आणि बाहेरच्या खोलीत गादीवर न बसता फरशीवरच बसला.

"नाशिर," अकलान म्हणाला, "तू असं का सांगितलंस?"

"खरं ते सांगितलं."

"खरं नाहीय ते. मला माहीत आहे. पाळी तुझी होती, हे खरं. पण तू तापात बडबडत होतास. मी म्हटलं, तू झोप, तुझी पाळी मी करतो. तुझ्या अंगावर माझी घोंगडी घातली आणि जाऊन बसलो. आणि..." त्यानं तोंड हातांत झाकलं. "माझा डोळा लागला रे. मी झोपलो. इतकी वर्षं वाटायचं, तुला ठाऊक असेल, तू दोस्तीखातर गप्प आहेस. त्या गुरुवारी मी उठलो होतो तो हेच सांगायला. आयत्या वेळी धीर झाला नाही, म्हणून आज्याच्या शेळ्या सांगितल्या."

"येत्या गुरुवारी सगळ्यांसमोर सांगतो," अकलान डोळे पुसत म्हणाला. "माझं व्हायचं ते होवो. तू सुटशील. शफीकाचं मनही निवळेल. तू फक्त नाही म्हणू नकोस, एवढंच मागायला आलोय."

पहिल्या क्षणी नाशिरला सुटल्यासारखं वाटलं. नुसतं बरं म्हणायचं होतं. बायको परत, घर परत, दारातला शिपाई खाली. पण लगेच त्याच्या डोळ्यांपुढं मुथन्नाची माडी आली. अकलान उभा आहे, मित्राला वाचवायला स्वतःची मान पुढं करतोय, गृहमंत्रिपद ओवाळून टाकतोय. सगळे रडताहेत. असली आत्मटीका या देशात कुणी केली नसेल! मुथन्ना उठून त्याला मिठी मारेल. आणि नाशिर कोण? दुसऱ्याचं पाप चोरून मिरवणारा. शेळ्या त्याच्या, गादी त्याची, खातं त्याचं, आता हेही त्याचंच?

"नाही," नाशिर म्हणाला.

"काय नाही?"

"पहाऱ्यावर मी होतो."

"अरे, तू शुद्धीवर नव्हतास!"

"मी होतो. तू गुरुवारी उभा राहिलास तर मीही उभा राहीन. सांगेन की अकलान दोस्तीखातर..." इथं त्यानं जीभ चावली. दोस्तीखातर म्हटलं तर तीही टाळी अकलानलाच पडणार. "सांगेन की तू नाटक करतोयस."

"डोकं फिरलंय का तुझं? मिठागरावर पाठवतील तुला. कदाचित त्याहून वाईट होईल."

"पाठवू दे. पण हे तुला मिळणार नाही."

आतल्या दारात शफीका उभी होती. काखेत गाठोडं. केव्हापासून उभी होती कुणास ठाऊक, पण सगळं ऐकलं होतं हे तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं. अकलान तिला बघून अर्धवट उठला आणि तसाच पुन्हा खाली बसला. तिच्या भावाचा जीव ज्याच्या डुलकीनं गेला तो माणूस तिच्या पायाशी होता, पण ती त्याच्याकडे बघत नव्हती.

"नाशिर," ती म्हणाली, "एकदाच विचारते. त्या पहाटे तू आजारी होतास. एवढं म्हण. मी हे गाठोडं खाली ठेवते."

नाशिरनं तिच्याकडे बघितलं. मग अकलानकडे बघितलं. अकलानच्या गालांवरून खरं पाणी वाहत होतं, दाढीत मुरत होतं, आणि ते त्याला इतकं शोभून दिसत होतं की नाशिरच्या छातीत कळ आली.

"पहाऱ्यावर मी होतो," तो म्हणाला.

शफीकानं गाठोडं दुसऱ्या काखेत घेतलं. "चला, अकलानभाऊ," ती म्हणाली. आवाजात माया नव्हती, रागही नव्हता. "आईला तुम्हीच सांगायचं. माझ्याच्यानं होणार नाही."

दोघं जिना उतरले. नाशिर खिडकीशी गेला. खाली उन्हात मोटार उभी होती, पण ती दोघं मोटारीत न बसता चालतच निघाली. शफीकाच्या म्हाताऱ्या आईचं घर चार गल्ल्या पलीकडे होतं. कोपऱ्यावर अकलाननं हात पुढं केला आणि शफीकानं गाठोडं त्याच्या हाती दिलं.

म्हातारी त्याच्या थोबाडीत मारेल की त्याला पोटाशी धरेल, हे नाशिरला सांगता येईना. पण यातलं जे काही असेल ते अकलानलाच मिळणार होतं, आणि तो खिडकीत उभा राहून जळत राहिला.